शेवटच्या पानावर तिला चर्चमध्ये न्यायचं का?

सलाम मावशी,

मी ३४ वर्षांची, नागपूरच्या सदर भागात राहते. तीन वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडून कादंबरी लिहायला बसले. दोन पुस्तकं स्वतःच छापली. दुसऱ्याच्या ५०० प्रती काढल्या, ५५,००० रुपये लागले. १९० खपल्या, बाकीच्या दिवाणात पडून आहेत. त्या कादंबरीची नायिका नर्स आहे, ख्रिस्ती आहे. नवरा पिऊन मारतो, ती त्याला सोडते आणि पुढे दुसऱ्या माणसाबरोबर राहते. शेवटच्या पानावर, नाताळच्या आदल्या रात्री, ती चर्चच्या फाटकाबाहेर थांबून गाणी ऐकते आणि रात्रपाळीला निघून जाते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी ते वाचून सगळ्यांसमोर विचारलं, ‘ख्रिस्ती मुलीनं हे लिहावं? निदान शेवटी तिला आत तरी आणायचं.’ आई म्हणते, दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदल. उलट एका साहित्यिक कार्यक्रमात एकांनी विचारलं, ‘तुम्ही घरी मराठीच बोलता का? मिशनचं काही आहे का यात?’

आता एका ॲपकडून मालिका लिहायची विचारणा आली आहे. पैसे चांगले, पण दर तिसऱ्या भागात ‘गरम’ प्रसंग हवा. रविवारी कार्यक्रम असला की उपासना बुडते. नसला तरी मी उपासनेत बसून फोनवर विक्रीचे आकडे बघते. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ‘पाच तारे द्या’ असं लिहिलं, पंधरा जणांनी न वाचताच दिले. मी ख्रिस्ती म्हणूनही कच्ची आणि लेखिका म्हणूनही. दोन्हींतलं एक सोडावं का?

– सदरची एक लेखिका, नागपूर

सलाम, बाळा.

आधी फाटकाबाहेर थांबलेल्या त्या बाईबद्दल बोलू. पत्रातली बाकीची दुखणी तिच्यापाशी येऊन थांबतात, असं मला वाटतं. पत्रासोबत पुस्तक पाठवलंस ते फार बरं केलंस. दोन रात्रींत वाचून काढलं. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वाचता येत नाही. तुझ्या शेवटच्या दोन पानांवर ती एकदाही टेकली नाही.

लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढ. उधळ्या पुत्राचा दाखला तू संडे स्कूलपासून ऐकत आली असशील. आपण तो नेहमी मेजवानीपाशी थांबवतो. पोरगा परत आला, बापाने गळ्यात मिठी मारली, वासरू कापलं, झालं. येशूने मात्र तो तिथे थांबवलेला नाही. थोरला मुलगा शेतावरून येतो, घराजवळ पोचतो, आतून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि धाकट्याच्या स्वागतावर रागावून बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. बापाचं बोलणं संपतं आणि दाखलाही तिथेच संपतो. थोरला आत गेला की पाठ फिरवून शेतावर गेला, हे आपल्याला कधीच कळत नाही. सांगणाऱ्याला शेवट सुचला नसेल, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? तो शेवट ऐकणाऱ्यांवर सोडलेला आहे, कारण ऐकणाऱ्यांत कितीतरी थोरले मुलगे बसले होते.

तुझी नर्सही आतलं गाणं ऐकत बाहेर उभी आहे. तू हे ठरवून केलंस की आपोआप झालं, ते तुलाच ठाऊक. पण कुणी विचारलं की ख्रिस्ती मुलीने असा शेवट करावा का, तर हा अध्याय काढून दाखव. भांडायला म्हणून नको, एकत्र वाचायला म्हणून दाखव.

शेवट बदलू नको, हे माझं उत्तर. व्यवहार म्हणूनही बघ: ३१० प्रती दिवाणात असताना दुसरी आवृत्ती काढायचा प्रश्न आज येत नाही. मजकूर न बदलता पुन्हा छापलंस तर जुनाच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, चालतो. शेवटचं प्रकरण बदललंस तर ती नवी आवृत्ती होते आणि क्रमांकही नवा घ्यावा लागतो. (तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून फुकट मिळतो, मध्ये कुणी पैसे मागितले तर देऊ नको.) ई-पुस्तकात तर रात्री बसून शेवट बदलला की थोड्याच दिवसांत नव्याने घेणाऱ्याला बदललेलाच मिळतो. मला खरी भीती त्याचीच वाटते. प्रकाशकाकडे छापलं असतं तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून शेवट बदलायला निघालेल्या लेखिकेला संपादकाने बसवून चहा पाजला असता आणि आठ दिवस थांबवलं असतं. तुला थांबवणारं कुणी नाही. तू तिला संतापाच्या भरात कुठेही नेऊ शकतेस आणि धाकापोटीही कुठेही नेऊ शकतेस.

आईला दुसरंही एक सांग. बायबल लिहिणाऱ्यांनी आपल्या सर्वांत लाडक्या राजाचं काय लिहून ठेवलं, ते दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात आहे. दाविदाने बथशेबेला आणवलं, ती गरोदर राहिली, मग तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत सगळ्यांत पुढे उभं करून मारवलं. कुठे झाकपाक नाही. आणि पुढच्याच अध्यायात नाथान संदेष्टा राजापुढे येतो तो उपदेश घेऊन येत नाही. एका गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट घेऊन येतो. राजा गोष्टीतल्या श्रीमंतावर चिडतो, तेव्हा कुठे नाथान बोट त्याच्याकडे वळवतो. आधी गोष्ट, मग बोट. आपल्या लोकांना कादंबरीच्या पहिल्याच पानापासून बोट हवं असतं.

हे दुखणं जुनं आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली एका ख्रिस्ती माणसाने, बाबा पदमनजींनी लिहिली. विधवांचे हाल तेव्हा कुणी कथेत मांडत नव्हतं, ते त्यांनी मांडले. त्या हालांची पानं वाचताना आजही घशाशी येतं. जिथे पात्रं बाजूला सरून धर्माची शिकवण सुरू होते तिथे मात्र माझं बोट आपोआप पुढचं पान शोधतं, आणि मी स्वतः विश्वासणारी आहे. उलट लक्ष्मीबाई टिळक घे. नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, यांनी १९०० साली. मधली वर्षं कशी गेली ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिताना बाईंनी स्वतःला कुठेही गोरंगोमटं केलेलं नाही. राग, सोवळं, हट्ट, रडणं, नवऱ्यावरचं प्रेम, सगळं जसं होतं तसं. त्या पुस्तकाने ख्रिस्ती घरांबद्दल मराठी माणसाच्या मनात जेवढी आपुलकी पेरली, तेवढी शंभर पत्रकांनी पेरली नसेल.

आता त्या साहित्यिक कार्यक्रमातला प्रश्न. मला तो या शहरात तीसेक वेळा तरी विचारला गेला असेल. मुद्रितशोधनाच्या नोकरीच्या पहिल्या दिवशीच एकाने विचारलं होतं, आणि मी त्या रात्री घरी येऊन रडले होते. म्हणून तुला ‘मनावर घेऊ नको’ असं सांगणार नाही. लागतं ते. फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्यात मराठीची जी थोरवी गायली आहे ती आजही मराठी भाषा दिनाला व्यासपीठावरून म्हणतात. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हे सगळं तुझ्या खांद्यामागे उभं आहे, एवढं ठाऊक असू दे. पण दर वेळी हे दाखले काढून आपलं मराठीपण सिद्ध करत बसू नको. तुझ्या पुस्तकातला तो नवरा रात्री दार वाजवत ‘कायले लावलं बे दार’ म्हणून ओरडतो, त्या एका वाक्यात ते सिद्ध झालेलं आहे. (तिथली पुढची शिवी राहू दे. तो माणूस शिवी न देता बोलला असता तर खोटा वाटला असता.)

‘मिशनचं काही आहे का’ याला मात्र एक उत्तर आहे, आणि ते आपल्या गावातलंच आहे. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली धर्मप्रचारासाठी नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले, आणि गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गाणं लिहून घेतलं, त्याचं भाषांतर केलं. १८६३ साली टाकळघाटहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले. कागद मागे राहिले, ते रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ साली छापून काढले. उपदेश करायला आलेला माणूस दुसऱ्याची गोष्ट कान देऊन ऐकतो आणि जपून ठेवतो, हे मला त्यांच्या प्रवचनांपेक्षा मोठं वाटतं. कुणी विचारलं की तुझ्या कादंबरीत मिशनचं काय आहे, तर सांग, एका मार खाणाऱ्या बाईचं मी ऐकून घेतलं, एवढंच आहे.

ॲपचं सांगते. शरीर लिहू नको, असं मी म्हणणार नाही. गीतरत्न आपल्याच बायबलात आहे, आणि ज्यांना ते वाचताना लाजल्यासारखं होतं त्यांनाही ते काढून टाकता आलेलं नाही. तुझ्या कादंबरीत ती नर्स पहिल्यांदा त्या माणसाजवळ झोपते तो प्रसंग मला खटकला नाही. कितीतरी वर्षांनी तिच्या अंगाला कुणी न मारता हात लावला, हे तिथे दिसतं, आणि तो प्रसंग नसता तर तिचं घर सोडणं समजलंच नसतं. ‘दर तिसऱ्या भागात’ ही मागणी वेगळी आहे. तिथे बाई, पुरुष, त्यांची गोष्ट, काही महत्त्वाचं राहत नाही, मोजायचं असतं ते फक्त अंतर. अशा मालिकेचे साठ-सत्तर भाग लिहिल्यावर तुझा हात काय शिकेल, याचा विचार कर. वाईट लिहायची सवय सुटायला लिहायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी चांगल्या चांगल्या लेखकांच्या मुद्रितांत बघितलं आहे. त्यांना विचारून बघ, ही अट काढून दुसरं काही देतात का. नाही म्हणाले तर सोड.

पण सोड म्हणताना तुझ्या पोटाचं काय, हे मला सांगायला हवं. नाहीतर माझा सल्ला फुकटचा.

५०० प्रतींना ५५,००० म्हणजे प्रत ११० रुपयांना पडली. पुस्तकावर २५० रुपये छापलेत. दुकानदाराने ४० टक्के घेतले तर तुझ्या हातात १५० येतात. म्हणजे ३६७ प्रती विकल्या तेव्हा कुठे कागद-छपाई-बांधणीचा खर्च निघणार, तुझ्या दोन वर्षांच्या कष्टांचा एक रुपयाही नाही. पुढचं पुस्तक शंभर प्रतींपासून सुरू कर. प्रत थोडी महाग पडेल, पण दिवाण मोकळा राहील. आहेत त्या ३१० प्रतींना पावसाळ्यात कसर लागू देऊ नको, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेव आणि ऊन पडलं की गठ्ठे उलटेपालटे कर. आणि दिवसातले दोन-तीन तास बाहेरचं काम घे. तू शिकवलेलं आहेस, शिकवण्या मिळतील. मुद्रितं तपासायचं काम मी मिळवून देऊ शकते. नोकरी सोडताना तू मनाशी शपथ घेतली असशील की आता फक्त लेखणीवर जगायचं. ती शपथ देवाने मागितलेली नव्हती. पौल करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवायचा, प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. तंबू शिवल्यामुळे तो कमी प्रेषित झाला नाही, उलट कुणाच्या पैशाखाली राहावं लागलं नाही म्हणून मोकळेपणी बोलू शकला. घरभाडं शिकवणीतून निघालं की तुझी कादंबरी दर महिन्याला आपलं भाडं कमवायच्या ओझ्यातून सुटेल. उपासनेत फोन बघायची सवयही, माझ्या अनुभवाने, निम्मी त्यातूनच सुटते. आकड्यांमागे लोभ असतो तसा भाड्याचा घोरही असतो, आणि तुझ्या पत्रात मला घोरच जास्त दिसला.

उरलेली निम्मी सवय मात्र तुलाच सोडायची आहे. फोन घरी ठेवून जा.

रविवारचं तू फार मनाला लावून घेतलं आहेस. वर्षातून चार-पाच कार्यक्रम रविवारी सकाळी येणार. आपल्या शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी उपासना वेगवेगळ्या वेळी होतात, त्या दिवशी दुसरीकडे जाऊन ये. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे मार्कच्या दुसऱ्या अध्यायात स्वतः येशूचे शब्द आहेत. माझी काळजी निराळी आहे. शाळेत होतीस तेव्हा रविवार, उन्हाळा, दिवाळी, नाताळ, सगळ्या सुट्ट्या कुणीतरी दिलेल्या होत्या. आता तुला सुट्टी देणारं कुणी नाही. पत्रावरून दिसतं की तू सातही दिवस लिहितेस किंवा न लिहिल्याबद्दल स्वतःला बोल लावतेस. सहा दिवस लिही. सातव्या दिवशी वही बंद. त्या दिवशी तुझ्यावाचून जग चालतं, हे बघायला शिक.

आता जिथे तुझं चुकलं ते. पंधरा जणांकडून न वाचता घेतलेले तारे. हे मी गोड करून सांगणार नाही. ते तारे बघून कुणीतरी अनोळखी माणूस पैसे मोजणार आहे, आणि त्याला जे सांगितलं गेलं ते खरं नाही. ओळखीपाळखीच्यांकडून असे अभिप्राय घेणं ॲमेझॉनच्या नियमातही बसत नाही, पण तो मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. तू खऱ्याखुऱ्या मार खाल्लेल्या बाईची गोष्ट इतक्या सचोटीने लिहिलीस आणि तिच्या कव्हरखाली खोटे तारे लावलेस. आज रात्रीच ग्रुपवर लिही, ‘मी चुकीचं मागितलं, ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी तारे काढून टाकावेत.’ लाज वाटेल. दोन-तीन जण त्या निमित्ताने पुस्तक खरंच वाचतील. नाही वाचलं तरी लिही.

आणि तुला दोन माणसं हवीत. नेमून घे. एक चर्चमधलं आणि एक चर्चबाहेरचं, दोघंही वाचणारे, दोघंही तुला ‘हे खोटं वाटतं’ असं तोंडावर म्हणू शकणारे. लिहून झालेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्याकडे. पैशाचा एखादा व्यवहार मनाला पटत नसेल तर तोही त्यांच्याकडे. प्रकाशक नाही, संपादक नाही, मुख्याध्यापक नाही, तेव्हा तुझ्यावर कुणाचा तरी डोळा असू दे, आणि तो तू स्वतः निवडलेला असू दे.

टोपणनावाने लिहू का, असं तू ताजा कलममध्ये विचारलं आहेस. लपण्यासाठी नको. आवडतं म्हणून असेल तर खुशाल घे.

एकच गोष्ट राहिली, आणि ती सांगताना मला जरा जड जातं. तुझ्या पुस्तकात नर्स जिवंत आहे, तिचा नवराही जिवंत आहे, अगदी दवाखान्यातला आयाबाईचा पोरगासुद्धा. चर्चमधली माणसं मात्र जिवंत नाहीत. ती फक्त नाक मुरडतात. शंभरेक पानांत त्यांतल्या एकालाही गुडघे दुखत नाहीत, कुणाचा मुलगा दूर गेलेला नाही, कुणी रात्री एकटं जेवत नाही. तुझ्या पत्रातही त्या बाई ‘एक वयस्कर बाई’ एवढ्याच आहेत. लूकच्या त्या अध्यायात थोरला बाहेर उभा आहे हे खरं, पण बापही त्याच्यासाठी बाहेर आलेला आहे. तुझ्या फाटकापाशी आतून कुणीच येत नाही. कदाचित तसंच घडलं असेल, आणि तसं असेल तर तसंच राहू दे. पण ते तू पाहून लिहिलंस की त्या लोकांवर रागावून लिहिलंस, हे मला वाचताना कळलं नाही, आणि कळायला हवं होतं. तिसऱ्या कादंबरीत यावर काम कर.

त्यासाठी येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्या बाईंच्या शेजारी जाऊन बस. पुस्तकाचा विषय तू काढू नको. त्यांचं माहेर कुठलं, नवऱ्याचं काय काम होतं, पहिल्यांदा या चर्चमध्ये कधी आल्या, ते विचार. तुझ्या कादंबरीतल्या त्या बाईला त्यांनी ‘आत आणायचं’ म्हटलं, ‘हाकलायचं’ म्हटलं नाही, हे मी तुझ्या पत्रात दोनदा वाचलं. कुणाला आत आणायचं राहून गेलं म्हणून त्या असं म्हणाल्या, ते त्यांना विचारून बघ, आणि मला कळव.

तुझी,
मावशी